तिसऱ्या दाबाला पेडल दगड: एका जुन्या डिझेल पिकअपच्या व्हॅक्यूम नळ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. वाळपईच्या पुढे कुळागर (नारळ-सुपारीची बाग) असलेल्या एका बागायतदाराची अकरा वर्षं जुनी, सेकंडहॅण्ड घेतलेली टर्बो डिझेल पिकअप. मालकांना इथे भाई म्हणतो, गॅरेजातही भाईच म्हणतो. गाडी चालवतो त्यांचा भाचा. कंपनी, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, कारण आधी ज्याने गाडीला हात लावला तो मेस्त्रीही याच भागातला आहे आणि माणूस वाईट नाही. माझं गॅरेज डिचोली तालुक्यात. मी आणि आयटीआय करून आलेला एक पोरगा, एवढाच कारभार.

गाडीचं काम ठरलेलं. नारळ, सुपारी, केळी घेऊन शुक्रवारी म्हापशाचा बाजार. आठवड्यातून एकदा चोर्ला घाट चढून बेळगाव, येताना भाजी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की हिच्यावर माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीच्या) सामानाचा भार पडतो: सुपारीचे घोस, नारळाच्या पेंडी, चिबूड, तोरिंजन, कवंडळ. वर्षातली बरीच कमाई त्या आठवडाभरातली. गाडी माझ्या दारात आली तेव्हा चवथीला नऊ दिवस राहिले होते आणि सत्तरीत पडतो तसा पाऊस पडत होता.

थोडं यंत्राबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते, त्यामुळे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, आपोआप ओढ (व्हॅक्यूम) तयार होते आणि ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या दाबाला मदत करणारा डबा, तीच वापरतो. डिझेलमध्ये हवा तशी अडवलेली नसते. म्हणून ओढ तयार करायला वेगळा पंप लागतो. या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीवर आहे, इंजिनच्याच ऑइलचं वंगण घेतो आणि ओढलेली हवा ऑइलसकट परत इंजिनात सोडतो. पंपातून एक जाड नळी बूस्टरला जाते. तिच्यावर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. त्या टीवरून बारीक नळी एका छोट्या टाकीत, टाकीतून दोन सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांकडे. एक सोलेनॉइड ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, उघडतो, दुसरा टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पात्यांचा कोन बदलणारा ॲक्च्युएटर ओढतो. म्हणजे विहीर एक आणि घरं तीन. शेजाऱ्याचा पाइप फुटला की तुमच्या बादलीत पाणी कमी पडणार.

तक्रार

भाच्याने सांगितलेल्या गोष्टी अशा. ब्रेकचं पेडल मधूनच दगडासारखं होतं. चढावर गाडी ओढत नाही, जिथे तिसरा गिअर चालायचा तिथे दुसरा लागतो. पिकअपलाच पिकअप नाही, असं तो हसत म्हणाला, पण भाईंना त्यात विनोद दिसला नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी जातो. आणि ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून फुसफुस वारा येतो, त्यामुळे कोणीतरी सांगितलं होतं की इंजिन कामाला आलं.

या सगळ्यात एक वाक्य त्याने जाता जाता टाकलं, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरण त्या वाक्यात होतं. मी विचारलं, ब्रेक घाटात जास्त त्रास देतात ना? तो म्हणाला, "नाही मेस्त्री, घाटात ठीक असतात. म्हापशाच्या गर्दीत जास्त. पहिला दाब बरा लागतो, दुसरा जड, तिसऱ्याला पाय दुखतो."

ब्रेक तापून निकामी होत असते तर उलट झालं असतं. घाट उतरताना पॅड तापले की धार जाते, थांबून गार झाले की परत येते. इथे मात्र उतारावर, खालच्या गिअरमध्ये, इंजिनचे फेरे जास्त असताना ब्रेक चांगले होते. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, रांगेत उभं राहून पुन्हा पुन्हा दाबले की वाईट. फेरे जास्त म्हणजे पंप जोरात, फेरे कमी म्हणजे पंप हळू. पहिला दाब बरा, कारण बूस्टरच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) असतो आणि मागची साठलेली ओढ तो धरून ठेवतो. ती दोन दाबांत संपली की मग पंप देईल तेवढंच.

आधी काय बदललं होतं

आधीच्या मेस्त्रीने पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदलून हवा काढली, तरी फरक नाही म्हणून बूस्टर नवा बसवला. साडेचार हजारांचा. त्याच्या जागी मी असतो तर पॅड मीही पाहिले असते, घाटात चालणारी गाडी म्हटल्यावर तिथेच नजर जाते. पण बूस्टर काढण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे साठा संपतो. मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं तर बूस्टरला ओढ मिळते आहे आणि तो काम करतो आहे. नव्या बूस्टरवर मी ही चाचणी केली तेव्हा पेडल बसलं, पण सावकाश, पेंगल्यासारखं. जुना बूस्टर भंगारात गेला होता. माझा अंदाज आहे की तो चांगला होता. आता सिद्ध करता येणार नाही.

भाई इथे चिडले. आणखी एक पार्ट सांगणार असशील तर आत्ताच सांग, मी गाडी विकतो, असं म्हणाले. म्हणून मी ठरवलं की ओढ मोजणारा गेज लावल्याशिवाय एकही पार्ट तोंडातून काढायचा नाही.

मोजमाप

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो, त्यामुळे त्याच्यापलीकडे कुठलाच पंप ओढू शकत नाही. चांगला पंप आयडलवर साधारण सहाशेच्या वर असायला हवा. जाड नळीत टी टाकून गेज लावला. आयडलवर ४३०. रेस करून २००० फेऱ्यांवर ५६०. भाच्याने तीनदा पेडल दाबलं तशी सुई ३०० च्या खाली आली आणि रांगत वर चढली.

हे आकडे पायाला काय जाणवतात त्याचा ढोबळ हिशेब पोराला करून दाखवला. नऊ इंची पडद्याच्या बूस्टरवर ६९० मिलिमीटर ओढ असली तर सुमारे ३८० किलोची मदत मिळते. ४३० वर ती २४० च्या आसपास येते. ब्रेक गेलेले नसतात, पण उरलेलं वजन मांडीने द्यावं लागतं.

पहिला फाटा इथे होता. आकडा कमी म्हणजे पंप गेला, असं म्हणून पंपासकट अल्टरनेटर मागवणं सगळ्यात सोपं होतं. त्याला सात-आठ हजार लागले असते आणि भाईंनी ते दिलेही असते, कुरकुरत का होईना. त्याऐवजी पंपाची नळी काढून गेज थेट पंपाच्या तोंडाला लावला. ६९०, आयडलवर, काही सेकंदांत. पंप ठणठणीत. नळीच्या आत बोट फिरवलं, ऑइल नव्हतं, म्हणजे पंपातला व्हॉल्व्हही धरत होता.

मग टीवरची बारीक नळी कापड गुंडाळून पक्कडीने चिमटली. सुई ६८० वर गेली. ब्रेकचा दोष ब्रेकमध्ये नव्हताच, तो टर्बोच्या बाजूला होता. आणि ओघानेच ऑइलच्या झाकणातला वारासुद्धा गेला. हवा नळीतून आत शिरत होती, पंप ती इंजिनात सोडत होता आणि तीच झाकणातून बाहेर येत होती. इंजिन काम काढायचा सल्ला तेवढ्यावर दिला गेला होता.

स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. तेही जुळलं. ॲक्च्युएटरला ओढ मिळाली नाही की या टर्बोच्या पात्या उघड्याच राहतात, कमी फेऱ्यांवर दाब बनत नाही.

आता बारीक शाखेतली गळती नेमकी कुठे? हातपंपाने एकेक तुकडा तपासला. टाकी धरत होती. टर्बोच्या ॲक्च्युएटरचा पडदा ५०० वर मिनिटभर हलला नाही. सोलेनॉइडपाशी मात्र सुई खाली यायला लागली आणि मी जवळजवळ फसलो. इंजिन चालू असताना हा सोलेनॉइड सतत थोडी हवा आत घेतो, ओढ कमी-जास्त करायची त्याची पद्धतच ती आहे, त्यासाठी त्याच्या पोटात फिल्टर असतो. इग्निशन बंद करून परत तपासलं, तेव्हा तो धरून राहिला. दोन हजारांचा पार्ट चावीमुळे वाचला.

खरी गळती दोन ठिकाणी निघाली. इंजिनच्या मागे, टर्बोजवळच्या कोपऱ्यावर रबर उन्हातल्या चपलेसारखं कडक होऊन तडकलं होतं. आणि टाकीच्या खाली, ब्रॅकेटच्या आड, नळीला बारीक दातांचे ठसे. पावसात उंदीर गरम बॉनेटखाली येऊन बसतात. चवथ तोंडावर आणि गणपतीच्या वाहनाने भाईंच्या वाहनाची नळी खाल्लेली. भाई त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पर्याय

रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंसमोर जे मांडलं ते असं.

कंपनीचा नळ्यांचा पूर्ण संच मागवायचा तर दहा दिवस, म्हणजे चवथ होऊन जाणार. गाडी उभी ठेवून दुसरी भाड्याने घ्यायची तर त्या आठवड्यात गोव्यात रिकामी पिकअप मिळणं कठीण आणि मिळाली तर भाडं दुप्पट. म्हापशाहून मीटरवर नळी आणून हाताने संच बनवायचा, हे शक्य होतं, पण इंजिनच्या मागे हात जायला इनटेकचा भाग उतरवावा लागणार होता, दोन दिवस, आणि माझ्याकडे आधीच दोन गाड्या उघडून पडलेल्या. चौथा मार्ग: बारीक शाखा टीपाशीच पक्की बंद करायची. ब्रेकला पूर्ण ओढ मिळेल. टर्बो निम्म्या जोराचा राहील, ईजीआर बंद राहील, इंजिनचा दिवा लागेल.

तुटक्या जागी टेप गुंडाळून देता येईल का, हेही विचारलं गेलं. ओढीखाली टेप आत शोषली जाते आणि गरम झाली की गोंद वाहतो. नाही म्हणालो.

चवथीपर्यंतची सोय

चौथा मार्ग घेतला. टीचं बारीक तोंड टोपी आणि क्लिप लावून बंद केलं. आयडलवर ६८०, तीन दाबांनंतरही सुई लगेच वर.

यात माझं मन दोन्हीकडे ओढत होतं, ते लिहितो. ब्रेक सुरक्षित झाले होते, त्याबद्दल शंका नव्हती. ओढ नसल्यावर पात्या उघड्या राहतात आणि टर्बोवर जास्त ताण येत नाही, म्हणजे इंजिनालाही धोका नव्हता. पण जोर नसलेली गाडी भरलेली असताना घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओढायची, मागे बसगाड्यांची रांग आणि पावसाचं धुकं, हे मला नको होतं. शिवाय घाटमाथा ढोबळमानाने ८०० मीटरवर, तिथे हवेचा दाबच सुमारे ७० मिलिमीटरने कमी, म्हणजे ब्रेकची ओढही तेवढी उतरते. म्हणून अट घातली: चवथीपर्यंत बेळगाव बंद, फक्त वाळपई, साखळी, म्हापसा, पणजी, आणि माल नेहमीच्या अर्धा. भाई म्हणाले, अर्ध्या मालात माझं भागणार नाही. मी म्हटलं, मग दोन फेऱ्या करा. भाचा मध्ये पडला, "मामा, मी पहाटे एक जादा मारीन."

ईजीआरची नळी मुद्दाम बंद करून वर्षानुवर्षं गाड्या सोडणारे लोक आहेत. माझं काम तात्पुरतं होतं, म्हणून टोपीला लाल टेपचा तुकडा बांधला आणि डायरीत चवथीनंतरची तारीख घातली. असा तुकडा न बांधलेली तात्पुरती कामं मी तीन-तीन वर्षांनी उघडली आहेत.

भाच्याने सात दिवसांत अकरा फेऱ्या केल्या. अट एकदा मोडली, हे मला नंतर कळलं. अर्ध्याऐवजी पाऊण माल होता, पण घाटात गेला नाही.

दुरुस्ती, आणि माझी चूक

दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन झाल्यावर गाडी आली. बारीक शाखेच्या सगळ्या नळ्या काढल्या, लांबी मापून नव्या कापल्या. नळी दुकानातून 'व्हॅक्यूमची' म्हणून मागितली आणि त्यांनी दिली ती काळी, मऊ, वळवायला सोपी. जुनीच्या शेजारी धरून पाहिली, आतलं तोंड सारखं होतं. बसवली. गेज ६८०, टर्बो जोरात, कोड पुसला, चाचणी फेरी साखळीपर्यंत उत्तम. बिल दिलं.

दोन आठवड्यांनी भाच्याचा फोन चोर्ल्यातून. चढ सुरू होऊन अर्धा तास झाला की जोर गायब. थांबून चहा घेतला की परत येतो. ब्रेक मात्र ठीक.

माझ्याकडे आली तेव्हा गार होती आणि गेज ६८०. पोरगा म्हणाला, सोलेनॉइड असणार. मी म्हटलं, तापव आधी. उभ्या गाडीत २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं. टर्बोजवळच्या कोपऱ्यावर टॉर्च मारला तर नळी चपटी झालेली, भिजलेल्या कागदी नळीसारखी. गळती नव्हती, म्हणून गेजवर काहीच दिसत नव्हतं आणि ब्रेकही चांगले. फक्त ओढ ॲक्च्युएटरपर्यंत पोचत नव्हती.

तेव्हा कुठे व्हर्नियर लावला. जुन्या नळीचं आतलं माप ३.५ मिलिमीटर, बाहेरचं ९. मी घातलेलीचं आतलं ४, बाहेरचं ६. भिंत जेमतेम १ मिलिमीटर. आत पाणी किंवा हवा ढकलायची असेल तर ती नळी चालते. आतून ओढायचं असेल तर बाहेरची हवा तिला दाबून टाकते, आणि गरम रबर तर सहजच बसतं. जुनी शेजारी धरून मी फक्त भोक पाहिलं, भिंत पाहिली नाही.

या वेळी इंजेक्टरच्या परतीच्या ओळीला वापरतात तसली, बाहेरून सुती विणीची, ऑइलला टिकणारी जाड भिंतीची नळी घेतली. एका गाडीवाल्याने सुचवलेली सिलिकॉनची घेतली नाही. ती उष्णता छान सोसते, पण ऑइलच्या वाफेने फुगते, आणि व्हॅक्यूम पंपाच्या ओळीत ऑइल कधी ना कधी येतंच. टर्बोजवळचा वळसा चार बोटं लांबून नेला आणि त्यावर उष्णतारोधक जाळी चढवली. उंदराच्या जागेतली ओळ ब्रॅकेटवरून फिरवून बॅटरीच्या बाजूने घेतली. समुद्राच्या हवेने ॲक्च्युएटरच्या दांड्याला गंज धरला होता, तो साफ केला. दुसऱ्या खेपेची मजुरी घेतली नाही. नळीचेही पैसे भाईंनी द्यायचे म्हटले, मी घेतले नाहीत.

परिणाम

तापवून मोजलं: आयडलवर ६८५, तीन दाबांनंतर सुई दोन-तीन सेकंदांत जागेवर. भाचा तिसऱ्या गिअरवर चोर्ला चढला आणि वरून फोन केला. पी०२९९ पुन्हा आला नाही. सगळा खर्च, नळ्या, क्लिपा, टी आणि मजुरी मिळून, आधी बसवलेल्या नव्या बूस्टरच्या निम्म्याहून कमी.

पुन्हा अशी गाडी आली तर

गेज पहिल्याच तासाला. पेडल जड म्हटल्यावर चाक खोलण्याआधी पंपाचं तोंड मोजायला दहा मिनिटं लागतात. आणि ड्रायव्हरला 'कधी' विचारायचं: कुठल्या गिअरला, कुठल्या रस्त्यावर, कितव्या दाबाला. मालक फक्त 'ब्रेक खराब' एवढंच सांगतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी गार गाडीवर संपवली ही माझी खरी चूक. नळी चुकीची होती, पण अर्धा तास तापवून पाहिलं असतं तर ती गॅरेजातच कळली असती, घाटात नाही. आता डायरीत व्हॅक्यूमच्या कामापुढे दोन आकडे लिहितो, गार आणि गरम.

चवथीच्या आठवड्यात गाडी सोडली ते बरोबर केलं का, यावर पोराचं आणि माझं एकमत नाही. तो म्हणतो, दिवा लागलेली गाडी गॅरेजातून बाहेर जायला नको होती. मला वाटतं, नाही म्हटलं असतं तर भाईंनी ती तशीच, ४३० वर, पूर्ण मालासकट नेली असती.

मार्चमध्ये सर्व्हिसला आली तेव्हा बॉनेट उघडलं. भाच्याने चारही कोपऱ्यांत डांबरगोळ्या टांगलेल्या होत्या. बॅटरीमागे उंदराच्या ताज्या लेंड्या होत्या. नळीला हात लावून पाहिला, दात लागलेले नव्हते.